मोडेम बदलण्याआधी, पोरा, एवढं ऐक

कंपनीचा फायबर मोडेम काढून स्वतःचा लावायचं तुझ्या डोक्यात आहे, असं ताईकडून कळलं. लाव की! घाई तेवढी करू नकोस, नाहीतर दोन दिवस नेटवाचून तळमळत बसशील.

१. आधी डबा ओळख. काचेतून आलेला उजेड उलगडतो तो ओएनटी आणि घरभर वायफाय पसरवतो तो राऊटर — कंपनीच्या एकाच डब्यात दोघं नांदतात, आणि आपली तक्रार बहुधा दुसऱ्याबद्दलच असते.

२. म्हणून माझं ऐकशील तर ओएनटी राहू दे. तो ब्रिज मोडमध्ये टाकून घे आणि मागे आपला चांगला राऊटर जोड — लाइन त्यांच्या ताब्यात, वायफाय तुझ्या. बिघाड कुणाकडे आहे तेही लगेच कळतं.

३. ओएनटीही बदलायचाच असेल, तर जळगावच्या गोलाणी मार्केटात पैसे मोजण्याआधी लाइनवाल्या भाऊला विचार — बीएसएनएलच्या भारत फायबरवर स्वतःचा ओएनटी लावणारे पुष्कळ आहेत, जिओकडे मात्र त्यांचाच डबा ठेवावा लागतो. लाइन कोणत्या प्रकारची, जीपॉन की ईपॉन, हेही विचारून घे — त्या प्रकाराला चालणाराच डबा लागतो.

४. नव्या डब्याच्या स्टिकरचा फोटो भाऊला आधीच पाठव — कंपनीच्या टोकाच्या यंत्रावर, म्हणजे ओएलटीवर, त्याचा सिरियल नंबर, ईपॉन असेल तर मॅक नंबर, चढवल्याशिवाय लाइन त्याला दारात उभं करत नाही.

५. नेटच्या लॉगिनचं, म्हणजे पीपीपीओईचं, युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा वहीत उतरव, मगच वायरीला हात लाव. मागचं बारीक रिसेटचं बटण तर दाबूच नको — सगळं सेटिंग पुसलं जातं. लिहिलेलं उरतं, आठवलेलं विरतं.

६. आजीचा लँडलाइन त्याच डब्यात खोचलेला आहे का बघ — नव्या डब्याला फोनचं पोर्ट नसेल, तर नेट सुसाट आणि फोन मुका.

७. फायबरच्या टोकाचा रंग पाहा. हिरवं हिरव्यात, निळं निळ्यात — हिरव्या टोकाची काच ८ अंशांत तिरकी घासलेली असते, निळ्याची सरळ. अदलाबदल केलीस तर मधे फट राहून उजेड वाया जातो. टोकाला बोट लावू नको. आत डोकावून तर मुळीच पाहू नको — तो लेझर दिसत नाही, पण डोळ्यात शिरतो.

८. वायर कोपऱ्यात मुडपू नको, खिळ्याला गुंडाळू नको — आत काच आहे. पिळावं ते फडकं, फायबर नाही. जोडणी झाली की सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या उजेडाची ताकद, बघ: -१५ ते -२५ डीबीएम असेल तर निवांत राहा, -२७ च्याही खाली गेली तर भाऊला बोलाव.

९. आता आपल्याकडचा उन्हाळा. हे नीट ऐक, कारण बाहेरगावचा दुकानदार हे सांगणार नाही. घरगुती राऊटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेले असतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ सहज गाठतो. तापलेल्या स्लॅबखाली, माळ्यावर, टीव्हीच्या मागे तो कोंडू नको — दुपारी नेट तुटतं आणि आपण उगाच कंपनीला शिव्या देतो. कूलरच्या तोंडाशीही नको — दमट हवेनं आतलं सर्किट गंजतं. हात लावून बघ. चटका बसला तर जागा बदल.

१०. गावच्या धाब्याच्या घरात २.४ गिगाहर्ट्झ बंद करू नको — मातीच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फारसं पोचत नाही.

११. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेव — टीव्ही, कॅमेरा, सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जातात. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदल.

१२. हे सगळं कामाच्या दिवशी सकाळी कर, शनिवारी रात्री नाही — अडलास तर फोन उचलायला कुणीतरी हवं.

१३. जुना डबा अडॅप्टरसकट जपून ठेव. नवा नीट चालला की तो परत कर, पावती घे, आणि डिपॉझिट भरलेलं असेल तर तेही मागून घे.