दुःखाच्या लाटा

तुमच्या वर्गातला एक बाक दोन आठवडे रिकामा आहे. त्या बाकावर बसणाऱ्या मुलाचे वडील अचानक वारले. परवा तेरावे झाले आणि उद्या तो शाळेत येणार आहे. त्याच्याशी काय बोलावे? विषय काढावा की टाळावा? काही जण तर तो समोरून येताना दिसला की वाट बदलतील. तुमच्या मनात माया नाही म्हणून असे होते का? मुळीच नाही. शोक म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, एवढेच. भूकंपाचा किंवा हिवतापाचा करावा तसा शोकाचाही अभ्यास शास्त्रज्ञांनी केला आहे. आज त्याची ओळख करून घेऊ.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नाइट क्लबला आग लागली. ४९२ माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी काहींना मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात दाखल केले होते. तेथील मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी या दुर्घटनेत आप्त गमावलेल्यांची आणि इतर शोकग्रस्तांची, एकूण १०१ जणांची, बारकाईने विचारपूस केली. १९४४ साली त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली.

त्यांना काय आढळले? दुःख दिवसभर एकसारखे राहत नाही. ते लाटांसारखे येते. एक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. गळा आवळल्यासारखा होतो, श्वास पुरत नाही, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी वाटते, हातापायांतले त्राण जाते. आणि बहुतेकांच्या मनात एक बोचणी असते : ‘मी आणखी काही केले असते, तर ते वाचले असते.’ ही बोचणी बहुधा निराधार असते, पण असते खरी.

गळा दाटून येतो म्हणजे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. रडू येऊ लागले की जास्त हवा आत यावी म्हणून कंठद्वार रुंद उघडते. पण आवंढा गिळायचा तर तेच दार मिटावे लागते. या ओढाताणीत गळ्याच्या स्नायूंवर ताण पडतो आणि गोळा अडकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तेथे काहीच अडकलेले नसते.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असे तुम्ही कदाचित ऐकले असेल : नाकारणे, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली त्या मांडल्या. पण त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या स्वतः मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांच्या. मागे राहिलेल्यांना ते कोष्टक पुढे लावले गेले. जिना चढावा तसे कोणी क्रमाने दुःख करीत नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांनी १९९९ साली मांडलेले चित्र मला अधिक पटते. त्यांच्या मते शोक करणारा माणूस झोक्यावर असल्यासारखा असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी रोजच्या कामात, अगदी खेळातसुद्धा, रमतो. दोन्ही गोष्टी त्याला लागतात. म्हणून तुमचा मित्र मधल्या सुट्टीत खळखळून हसला आणि पुढच्याच तासाला त्याचे डोळे भरले, तर त्यात नवल नाही. ‘बघा, याला काहीच वाटत नाही,’ असे मात्र कोणी म्हणू नये.

येथे माझी एक चूक सांगतो. शिक्षक झालो त्या पहिल्याच वर्षी असा एक विद्यार्थी वर्गात परत आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “आता तू घरातला कर्ता. रडायचे नाही. आईला धीर द्यायचा.” त्याने मान डोलावली. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. धीर देण्याच्या नावाखाली मी त्याचे रडणे बंद केले होते, आणि वर चौदा वर्षांच्या खांद्यांवर घर ठेवले होते.

मग म्हणावे तरी काय? “मला कळले. फार वाईट वाटले.” एवढे पुरते. त्याला बोलावेसे वाटले तर ऐका. खोदून विचारू नका. ‘काही लागले तर सांग’ असे म्हटल्यावर सहसा कोणी सांगत नाही. त्यापेक्षा चुकलेल्या धड्यांच्या वह्या त्याच्या घरी नेऊन द्या, डबा खायला त्याच्या शेजारी बसा. आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारीपाजारी पिठले-भात नेऊन देतात. त्या घरात चूल पेटवण्याचेही त्राण नसते, हे आपल्या आज्यांना लिंडमन न वाचताच ठाऊक होते! अडचण एवढीच, की तेरावे झाले की माणसे पांगतात, आणि लाटा चालूच राहतात. पहिली दिवाळी, वडिलांचा वाढदिवस, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही घ्यायचा दिवस, अशा वेळी त्या हमखास उसळतात.

हळूहळू लाटांमधले अंतर बहुधा वाढत जाते. काहींचे मात्र तसे होत नाही. सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता जराही उतरत नसेल आणि रोजचे जगणे ठप्प झाले असेल, तर त्याला उपचारांची गरज असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात या दीर्घ शोकाची स्वतंत्र नोंद आहे. आणि ‘मलाही जगायचे नाही’ असे मित्र कधीही म्हणाला, तर ते गुपित ठेवू नका. त्याच दिवशी शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्या माणसांना सांगा. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, आणि मराठीतही बोलता येते.