शांत पडद्याचे बळ : लहान सबवूफरची रचना

बुलढाणा जिल्ह्यातील विहारांच्या आणि वसतिगृहांच्या सभागृहांत सकाळच्या वंदनेपासून एप्रिलमधील जयंतीच्या भीमगीतांपर्यंत अनेक कार्यक्रम ध्वनिवर्धकावर होतात. लहान स्पीकरमधून शब्द स्पष्ट ऐकू येतात. परंतु ढोलकीची धुम त्यातून हरवते. ही उणीव मोठमोठ्या पेट्या आणि अधिक वॉट यांनीच भरून निघते, असा सर्वसाधारण समज आहे. नीट मापन केले, तर साधारण फूटभर उंचीच्या पेटीतूनही सभागृहापुरता खोल स्वर मिळू शकतो. तो कसा, हे या पाठात आम्ही विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत.

प्रथम अडचण समजून घेऊ. ३५ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी हवेत सुमारे १० मीटर असते. असा स्वर निर्माण करण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. बंद लहान पेटीतील हवा मात्र ताठ स्प्रिंगप्रमाणे पडद्याला अडविते. लहान पेटी, खोल स्वर आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. ध्वनी-अभियंते या नियमाला हॉफमन यांच्या नावाने ओळखतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे पेटीला नळी बसविणे. नळीतील हवा हे वजन आणि पेटीतील हवा ही स्प्रिंग. दोन्ही मिळून ठरावीक वारंवारतेला झुलतात आणि खोल स्वराला साहाय्य करतात. आता गणित करून पाहू. पेटी १२ लिटरची, अपेक्षित स्वर ३५ हर्ट्झ आणि नळीचा व्यास ७.५ सेंटिमीटर घेतला, तर नळीची लांबी सुमारे ८४ सेंटिमीटर येते. पेटीची आतील बाजू मात्र जेमतेम २४ सेंटिमीटर आहे. ५ सेंटिमीटर व्यासाची नळी घेतल्यास लांबी ३६ सेंटिमीटरपर्यंत उतरते. पण एवढ्या अरुंद वाटेने हवा वेगाने धावू लागली की फुसफुस ऐकू येते.

येथे पॅसिव्ह रेडिएटर उपयोगी पडतो. हा स्पीकरसारखाच पडदा असतो. मात्र त्याला व्हॉइस कॉइल नसते, चुंबक नसते आणि विजेची जोडणीही नसते. अमेरिकेच्या आरसीए कंपनीतील संशोधक हॅरी ओल्सन यांच्या नावे १९३५ मध्ये या कल्पनेचे पेटंट नोंदले गेले. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९६० व १९७० च्या दशकांतील लेखनाने पेटीचे गणित सर्वांच्या आवाक्यात आणले. आपल्याला हे तत्त्व ढोलकीवरून सहज कळेल. ढोलकीच्या एका पुडीवर थाप पडली की आतील कोंडलेल्या हवेमुळे दुसरी पुडीही कंप पावते. पॅसिव्ह रेडिएटर ही त्या दुसऱ्या पुडीच्या जागी आहे, असे समजावे.

आता उदाहरण घेऊ. साडेसहा इंची एक वूफर आणि आठ इंची दोन पॅसिव्ह रेडिएटर निवडावेत. निष्क्रिय पडद्यांनी मिळून वूफरच्या किमान दुप्पट हवा हलवू शकावे, हा ठोकताळा लक्षात ठेवावा. आतून २४ × २४ × २३ सेंटिमीटरची पेटी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची करावी. वूफर आणि आतील आधारपट्ट्यांची जागा वजा जाता सुमारे १२ लिटर हवा उरते.

पडद्यांचे वजन पुढील रीतीने काढावे. दोन्ही पडद्यांच्या एकूण क्षेत्रफळाच्या वर्गाला हवेच्या स्थितिस्थापकतेने, म्हणजे सुमारे १,४०,००० पास्कलने, गुणावे. त्याला पेटीच्या घनफळाने भागावे. वारंवारतेला २ पायने गुणून आलेल्या संख्येचा वर्ग करून त्यानेही भागावे. एका पडद्याचे कार्यकारी क्षेत्रफळ २१० चौरस सेंटिमीटर धरल्यास दोहोंचे मिळून ०.०४२ चौरस मीटर होते. ३५ हर्ट्झसाठी उत्तर सुमारे ४२५ ग्रॅम येते, म्हणजे प्रत्येकी २१२ ग्रॅम. पडद्याचे स्वतःचे हलते वजन त्यातून वजा करून उरलेले वजन मध्यभागी नट-बोल्ट आणि वॉशर लावून भरावे. वारंवारता निम्मी करावयाची असेल, तर वजन चौपट करावे लागते, हेही याच सूत्रातून दिसते.

दोन्ही पडदे पेटीच्या समोरासमोरील भिंतींवर बसवावेत आणि त्यांवरील वजन सारखेच ठेवावे. दोघे एकाच वेळी बाहेर व एकाच वेळी आत जातात. त्यामुळे त्यांचे धक्के एकमेकांना छेदतात आणि पेटी टेबलावर सरकत नाही. सांधे गोंदाने पूर्ण बंद करावेत; बारीक फट राहिली तरी स्वर दुबळा होतो. आतील भिंतींना आपल्याच भागातील पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पुरेसा आहे. मात्र पडद्यांच्या हालचालीस त्याचा अडथळा होता कामा नये.

पडद्याच्या कडेचा ताठपणा आणि हवेचा भार सूत्रात धरलेला नाही. म्हणून शेवटचा निर्णय प्रयोगाने करावा. वूफर वर येईल अशी पेटी ठेवून त्यावर तांदळाचे चार दाणे टाकावेत. मोबाइलवरील स्वरनिर्मितीच्या अ‍ॅपने हळू आवाजात ६० हर्ट्झपासून खाली यावे. एका ठिकाणी वूफर जवळजवळ स्थिर होतो, दाणे शांत राहतात आणि निष्क्रिय पडदे सर्वाधिक हलतात. तीच पेटीची खरी वारंवारता होय. ती ३८ आली तर वजन वाढवावे, ३२ आली तर कमी करावे. या बिंदूच्या खाली वूफरची हालचाल एकदम वाढते आणि तो फाटण्याचा धोका असतो. यास्तव ३० हर्ट्झच्या आसपास खालचे स्वर अडविणारा फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरपूर्वी अवश्य जोडावा.

कॉइल जळालेला, परंतु पडदा आणि कड शाबूत असलेला जुना वूफरही निष्क्रिय पडदा म्हणून वापरता येतो. एकाच जातीचे दोन मिळाले म्हणजे झाले. दुरुस्तीच्या दुकानात टाकाऊ म्हणून पडलेली वस्तू अशा रीतीने पुन्हा कामास येते.

हा पाठ स्वरापुरताच नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा आणि रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. ज्या मापनपद्धतीने हे डेसिबल मोजतात, तीत ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मीटरवरील आकडा लहान दिसत असतानाही शेजारच्या घराचे टिनपत्रे थरथरत असतात आणि आजारी माणसाची झोप मोडलेली असते. बाबासाहेबांच्या जयंतीचा आनंद शेजाऱ्याला त्रास न देताही घेता येतो, हे तंत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनीच गावाला दाखवून द्यावयास हवे.

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता : तार फार ताणलेली नसावी, फार सैलही नसावी. पेटी जुळविताना हाच विवेक लागतो. वजन किती असावे, हे ऐकीव गोष्टीवर न ठेवता स्वतः मोजून पाहावे. ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा, असे ज्या धम्माचे वर्णन केले जाते, त्या धम्माच्या शाळेत विज्ञान शिकण्याची हीच रीत शोभते.