मोठेपणीचे एडीएचडी : निदानाला उशीर का लागतो?



हल्ली मोआदोनमध्ये मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. "सिस्टर, नातवाला एडीएचडी निघालं. आता त्याचा बाप म्हणतो, मलाही तेच आहे. पन्नाशीत असं कसं होईल?"

पन्नाशीत ते होत नाही. ते लहानपणापासूनच असते, कळते मात्र उशिरा. हिब्रूत आपण 'केशेव वे-रिकुझ' ऐकतो, म्हणजे लक्ष आणि एकाग्रता, त्याचीच ही अडचण. ती पुष्कळदा घराण्यात चालते. म्हणून नातवामुळे बापाचे कळले, तर नवल नाही.

मोठ्या माणसाचे उड्या मारणे थांबते, पण मनाची धावपळ चालूच राहते. किल्ल्या हरवणे, बिले भरायची राहणे, काम अर्धे टाकणे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे. असे कधीमधी आपल्या सर्वांचेच होते. पण वर्षानुवर्षे, घरी आणि कामावर दोन्हीकडे होत असेल आणि त्याने संसार किंवा नोकरी बिघडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

मग अडते कुठे?

१) यासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. कॉम्प्युटरवरची चाचणी मदतीला असते, पण नुसत्या तिच्यावर निदान होत नाही. डॉक्टरांना सगळी हकिकत ऐकावी लागते, आणि तेवढा वेळ देणाऱ्या तज्ज्ञाचा नंबर लागायला उशीर होतो.

२) 2013 साली सुधारलेल्या निकषांप्रमाणे काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. पण जुनी प्रगतिपुस्तके कोणाकडे आहेत? आपली कित्येकांची तर भारतातच राहिली. शिवाय नव्याने आलेल्या मुलाचे वर्गात लक्ष लागले नाही, तर 'त्याला भाषा येत नाही' एवढ्यावरच गोष्ट संपत असे.

३) थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, चिंता, नैराश्य यांतही लक्ष लागत नाही. कधी दोन्ही बरोबर असतात. एकच पकडले की दुसरे निसटते.

४) दंगा करणारा मुलगा सर्वांना दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कोणाला दिसत नाही. अशा मुली पुढे 'वेंधळी बाई' म्हणून आयुष्य काढतात.

५) लाज. "आमच्या घरात असलं काही नाही," असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो.

दुसऱ्या आणि पाचव्या अडचणीत आपण म्हातारी माणसे कामाला येतो. मुलाच्या लहानपणाचे साक्षीदार आपणच. डॉक्टर आई-वडिलांना विचारतात, फॉर्म भरायला देतात. फॉर्म हिब्रूत असेल तर नातवंडाकडून वाचून घ्यावा. "माझा मुलगा हुशार होता, काही नव्हतं," म्हणून विषय मिटवू नये. हुशार मुलालाही एडीएचडी असते. दप्तर रोज विसरायचा का? जेवताना चार वेळा उठायचा का? शिक्षक काय सांगून पाठवायचे? आठवते तेवढेच सांगावे, पदरचे घालू नये. यात आईच्या वळणाचा दोष नसतो.

पहिली पायरी कुपत-खोलिममधला आपला फॅमिली डॉक्टर. तिथून न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येते.

आता आपल्या वयाचे. आयुष्यभर सगळे नीट चालले आणि सत्तरीनंतर विसरणे सुरू झाले, तर त्याला एडीएचडी समजून बसू नये. स्मरणशक्ती, ऐकू येणे, बी-12, थायरॉइड आणि आपण घेत असलेली औषधे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत.

आणि नातवाची रिटालिन 'बघू तरी' म्हणून कधीही घेऊ नये. तिने रक्तदाब आणि नाडी वाढते. मोठ्यांना ती देण्याआधी डॉक्टर हृदयाची चौकशी करतात, ती उगीच नाही.

पन्नास वर्षे 'आळशी' ऐकलेल्या माणसाला आपल्या त्रासाचे खरे नाव कळले, की मोठा दिलासा मिळतो. मुलाने विचारले, तर हसण्यावारी नेऊ नका. बसा त्याच्याजवळ आणि आठवेल ते सांगा.