आठ टोकांचा तारा संगणकावर : आधी घेर, मग नक्षी

आपले बरेच बांधव कापड विणणे, छापणे, भरतकाम आणि लाकडी ठसे कोरणे यांवर पोट भरतात. त्यांच्या हातात हुन्नर आहे. परंतु आता बहुतेक ठिकाणी छपाईवाला कागदावरचा नमुना घेत नाही, संगणकातील फाईल मागतो. मग कारागीर डिझाईन करणाऱ्याच्या दारी जातो, पैसे मोजतो आणि पुष्कळदा फाईल त्याच्याकडेच राहते. पुढच्या हंगामात माप बदलायचे झाले की पुन्हा खर्च. वास्तविक हे काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना सहज जमेल. कसे, ते आम्ही एका नमुन्यावरून सांगतो.

नमुना आपल्या ओळखीचा आहे. आठ टोकांचा तारा आणि दोन-दोन ताऱ्यांच्या मधली फुली. तेराव्या शतकात इराणातील काशानच्या कारागिरांनी याच दोन आकारांच्या फरशा बनवल्या आणि भिंती मढवल्या. पाहताना हा आकार अवघड वाटतो. प्रत्यक्षात तो फक्त दोन चौकोनांचा आहे.

व्हेक्टर म्हणजे काय?
फोटो ठिपक्यांचा असतो, मोठा केला की फुटतो. व्हेक्टर चित्रात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा हिशेब साठवलेला असतो. या बिंदूंना नोड म्हणतात. असे चित्र कितीही मोठे केले तरी त्याची कड स्वच्छ राहते. यासाठी कोरलड्रॉ विकत मिळते, ते १९८९ पासून बाजारात आहे. इंकस्केप २००३ साली सुरू झाले, ते फुकट आहे. आम्ही पुढे इंकस्केपच्या आज्ञा दिल्या आहेत.

कृती
१) कंट्रोल दाबून १० सेंमीचा चौकोन काढा. कंट्रोल-डी दाबून त्याची जागच्या जागी प्रत घ्या.
२) प्रत ४५ अंश फिरवा. दोन्ही चौकोनांचे मध्य एकावर एक असले पाहिजेत.
३) दोन्ही निवडा आणि पाथ या यादीतील युनियन द्या. तारा तयार झाला. कोरलड्रॉमध्ये याला वेल्ड म्हणतात.
४) नोड मोजा. आठ बाहेरचे, आठ आतले, असे १६ हवेत. कमी असतील तर चौकोन मध्यावर बसले नव्हते असे समजा आणि पुन्हा करा.

मापाचा हिशेब
खरी खबरदारी इथेच घ्यायची. १० सेंमीच्या चौकोनांचा हा तारा टोकापासून टोकापर्यंत १४.१४ सेंमी भरतो. रोटरी छपाईच्या प्रचलित स्क्रीनचा घेर ६४ सेंमी असतो. त्यात असे चार तारे बसून साडेसात सेंमी जागा उरते. म्हणजे दर ६४ सेंमीवर नक्षी तुटणार, आणि हजार मीटर कापडात हा दोष दीड हजारांहून जास्त वेळा दिसणार. असा माल कोण घेईल?

म्हणून ताऱ्याची कडेची रेघ आधी काढून टाका, कारण इंकस्केप सहसा तिची जाडीही मापात धरते. मग रुंदी व उंचीचे कुलूप लावून रुंदी १६ सेंमी करा. १६ चोक ६४, चार तारे घेरात नेमके बसतील. तुमच्या छपाईवाल्याचा घेर निराळा असेल तर त्याच्या मापाला भाग जाईल असा आकडा धरा. तो विचारल्याशिवाय फाईल करू नका.

फुली कशी काढावी?
चार तारे १६ सेंमी अंतरावर, दोन खाली दोन वर, टोकाला टोक लावून ठेवा आणि युनियन द्या. आता १६ सेंमीचा चौकोन असा ठेवा की त्याचे कोपरे चार ताऱ्यांच्या मध्यावर येतील. चौकोन सर्वांत खाली पाठवा, दोन्ही निवडून डिफरन्स द्या. खालच्या वस्तूतून वरची वजा होते आणि फुली उरते. कोरलड्रॉच्या ट्रिममध्ये मात्र जी वस्तू शेवटी निवडाल ती कापली जाते. हा फरक ध्यानात ठेवा.

एकच सूचना राहिली. युनियन किंवा डिफरन्स दिल्यावर मूळ आकार उरत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी आधी प्रत काढून बाजूला ठेवा आणि मूळ फाईल दोन ठिकाणी जपा. बाहेरून डिझाईन करून घेत असाल तर मूळ फाईल मिळेल असे पैसे देण्यापूर्वीच ठरवून घ्या. ज्याच्याकडे मूळ फाईल आहे, त्याला नवे माप करायला दहा मिनिटे पुरतात आणि कुणाच्या दारी जावे लागत नाही.