कटिंगचीसुद्धा रेघ ओढा

“दिवसाला चहा किती होतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“तीन-चार,” मी म्हणालो, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणालो. शेजारी बसलेली बायको तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिने फ्रिजवर एक कोरा कागद चिकटवला. “अहो, कपाला एक रेघ. बाहेर प्यायलात तरी आल्यावर ओढायची. कटिंगचीसुद्धा.”

रात्री रेघा मोजल्या. अकरा.

मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करतो. आषाढ लागला की दिवाळी अंकांची प्रुफं यायला सुरुवात होते आणि सप्टेंबरात तर टेबलावर कागद मावत नाहीत. छापखान्याच्या खालीच अमृततुल्य. आलं-वेलदोडा कुटल्याचा आवाज वर ऐकू आला की डोळे आपोआप प्रुफावरून उठतात. ‘चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो,’ हे वाक्य मीच तिथे दिवसातून दोनदा ऐकवायचो. एका साली मात्र रात्री दोन वाजता टक्क जाग यायला लागली. छातीत धडधड, तोंडात पित्ताची आंबट चव. सकाळी डोकं जड, म्हणून उठल्या उठल्या चहा. प्रुफावर काढलेली काटछाटीची खूण थरथरलेली दिसायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी, थायरॉइड, सगळं ठीक निघालं. (धडधड होत असेल तर आधी हेच करा. चहावर ढकलून घरी बसू नका.)

डॉक्टरांनी मग कॅफिनचं गणित मांडलं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिनची ठेवण त्याच्यासारखीच. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारे असतात ना, तसं ते जागा अडवतं. अॅडेनोसिन उभंच राहतं. म्हणजे थकवा जात नाही, त्याला नुसतं ताटकळत ठेवलं जातं. कॅफिन उतरलं की उभी असलेली सगळी गर्दी एकदम बसते आणि आपण म्हणतो, “चला, अजून एक टाकू.” रोज असं चाललं की मेंदू जागाच वाढवतो. पूर्वी दोन कपांत भागायचं, तिथे चार लागायला लागतात.

माझी खरी चूक वेळेची होती. पोटात गेलेलं कॅफिन निम्म्यावर यायला धडधाकट माणसाला सरासरी पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर उतरतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत रेंगाळतं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर फारच रेंगाळतं. माझा शेवटचा कटिंग छापखाना बंद करताना, साडेसातला. म्हणजे रात्री साडेबारालाही त्यातला अर्धा अंगात जागाच. “मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो,” असं मीही सांगायचो. झोप लागायची, खोल लागायची नाही.

आता दुसरी चूक, जी सांगण्यासाठी मुख्यतः हे लिहितो आहे. अकरा रेघा पाहून मला शूरपणा सुचला. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद! संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागलं, तिसऱ्या दिवशी प्रूफ भिरकावून द्यावंसं वाटलं. शेवटी औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणून घेतली. अर्ध्या तासात जादू झाल्यासारखं बरं वाटलं. धंद्याची सवय म्हणून पाकिटावरचा बारीक मजकूर वाचला. पॅरासिटामॉलच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं: कॅफिन, ५० मिलिग्रॅम. सोडलेला चहा मी गोळीतून पीत होतो.

मग शहाण्यासारखं केलं. दर तीन-चार दिवसांनी एक रेघ कमी, आणि सुरुवात संध्याकाळच्या कपापासून. महिनाभर लागला, डोकं एकदाही दुखलं नाही. साडेसातला आता घरचा गवती चहा. त्यात चहापूड न घातल्यास कॅफिन नसतं. ग्रीन टीत मात्र असतं, त्या नावावर विसंबू नका.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारसूत्रांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलं आहे. चहाच्या कपात साधारण ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२०. माझे चार पूर्ण कप आणि सात कटिंग मोघम धरले तरी पावणेचारशेच्या घरात जात होते. साखरेचं तर बोलायलाच नको. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, हेही त्याच सूत्रांत आहे. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. ज्या घरात बायका-मुलींचं हिमोग्लोबिन कमी, तिथे पोह्यांबरोबरचा चहा निदान तासभर पुढे ढकलावा.

भाचा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो रात्री एनर्जी ड्रिंकचे डबे रिकामे करतो आणि मला हसतो. २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकतं. मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पिऊ नये, असं त्यावर छापलेलंच असतं. निदान छापलेलं असतं. माझ्या कटिंगवर काहीच नव्हतं.

सर्वांत अवघड गेलं ते लोकांच्या घरी ‘नको’ म्हणणं. ‘अर्धाच द्या’ म्हटलं तर पूर्ण कप येतो, नाही म्हटलं तर यजमानीणबाई दुखावतात. मी सरळ सांगतो, “वहिनी, तीन वाजून गेले, आता ताक चालेल.” तेही मिळतं.

आता दिवसाला चार रेघा असतात, शेवटची दुपारी तीनच्या आत. चहा सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही, माझाही सुटलेला नाही. एक आठवडा फ्रिजवर कागद चिकटवून बघा, आणि रेघा ओढायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.