दोन बॅटऱ्यांपैकी दोषी कोणती?

जबलपूर शहराचा गढा हा भाग एकेकाळी गोंड राजांची राजधानी होता. मदनमहालाच्या टेकडीच्या परिसरातील हे जुने गाव आता शहरात मिसळून गेले आहे. याच शहरात १९६९ साली स्थापन झालेल्या वाहन कारखान्यात भारतीय सैन्यासाठी शक्तिमान ट्रक तयार होत असत. अशा जड वाहनांचे मोठे डिझेल एंजिन फिरविण्यास एक बॅटरी पुरत नाही. म्हणून त्यांत सामान्यतः दोन बॅटऱ्या बसवितात. काही रुग्णवाहिकांत आणि आधुनिक मोटारींतही दुसरी बॅटरी असते.

समजा, जानेवारीतील एका पहाटे गढ्यात उभ्या असलेल्या अशा ट्रकची किल्ली फिरविली आणि सेल्फने 'खट्' असा आवाज करून मौन धरले. 'बॅटऱ्या गेल्या' हा निष्कर्ष तत्काळ निघतो. मग मालक एक तर दोन्ही बॅटऱ्या बदलतो किंवा अंदाजाने एक. पहिल्या मार्गात पैसा वाया जाण्याचा संभव असतो, तर दुसऱ्यात ट्रक पुन्हा वाटेत अडण्याचा. वस्तुतः दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी निकामी होणे हे क्वचितच घडते. बहुधा एकच बॅटरी बिघडते आणि मग ती दुसरीलाही आपल्याबरोबर ओढते.

हे कसे घडते, हे समजण्यासाठी बॅटरीची रचना लक्षात घेतली पाहिजे. शिशाच्या पट्ट्या आणि विरल सल्फ्यूरिक अम्ल यांचा विद्युत्‌घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. आजची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट पूर्ण भारित असता सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून निरोगी, भारित व काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट भरतो. तो १२.२ वर आला तर भार निम्मा उरला असे समजावे. १२ च्या खाली गेल्यास बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते.

दोन बॅटऱ्या दोन प्रकारे जोडता येतात. पहिल्या प्रकारात एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडतात व २४ व्होल्ट मिळवितात. ही एकसर जोडणी होय. आपल्या ट्रकमध्ये हीच व्यवस्था आहे असे मानू. दुसऱ्या प्रकारात धन टोके एकत्र व ऋण टोके एकत्र जोडतात. तेथे दाब १२ व्होल्टच राहतो, परंतु प्रवाह देण्याची शक्ती वाढते. ही समांतर जोडणी होय.

एकसर जोडणीत एकूण बेरीज आपल्याला फसविते. आपल्या ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्यांचा मिळून दाब २४ व्होल्ट भरला, तर प्रत्येकीत १२ व्होल्ट आहेत, दोन्ही सारख्याच उतरल्या आहेत, असे वाटेल. पण एकीत १२.६ आणि दुसरीत ११.४ असले तरी बेरीज २४ च होते! एखादा घट आतून पूर्णपणे जुळून गेला असेल, तर त्या बॅटरीत पाचच घट काम करतात आणि तिचा दाब १०.५ च्या आसपास येतो. आता एंजिन चालू असताना अल्टरनेटर २८ व्होल्ट देतो. हा दाब बारा घटांऐवजी अकरा घटांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकास सुमारे अडीच व्होल्ट. परिणामी निरोगी बॅटरीवर १५ व्होल्टांहून अधिक दाब पडून तिच्यातील पाणी उडून जाते. उलट दोषी बॅटरी मात्र पावणेतेरा व्होल्ट दाखवून शहाजोगपणे बसते. ज्या बॅटरीचे पाणी वारंवार कमी होते तीच खराब, हा समज म्हणूनच नेहमी खरा ठरत नाही.

समांतर जोडणीत फसवणूक उलट्या रीतीने होते. तेथे दोन्हींवर मोजमाप केले तरी आकडा एकच येतो, कारण टोके एकमेकांस जोडलेलीच असतात. रात्रभर चांगली बॅटरी दोषी बॅटरीत आपला भार ओतत राहते आणि सकाळी दोघीही रिकाम्या आढळतात.

यावरून परीक्षेचा मुख्य नियम निघतो : बॅटऱ्या एकमेकींपासून सोडविल्याशिवाय कोणतीही दोषी ठरवू नये.

प्रथम टोके पाहावीत. त्यांवर पांढरा-हिरवा थर साचला असेल किंवा तार सैल असेल, तर दोष बॅटरीत नसून जोडात असू शकतो. त्यानंतर सर्व दिवे बंद करून, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली ऋण तार आधी काढावी व नंतर बाकीच्या. प्रत्येक बॅटरीचा दाब स्वतंत्र मोजून लिहून ठेवावा. मग प्रत्येकीस बारा व्होल्टच्या चार्जरने स्वतंत्रपणे पूर्ण भारित करून काही तास विसावू द्यावे व पुन्हा मोजावे. केवळ रिकामी झालेली बॅटरी सावरते. निकामी झालेली सावरत नाही. बुचे उघडता येत असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. भारित घटात ते १.२५ च्या आसपास असते. एखाद्या घटात इतरांपेक्षा ०.०५ किंवा अधिक फरक आढळल्यास दोष तेथेच आहे.

शेवटची कसोटी भाराची. विसाव्यात १२.६ दाखविणारी बॅटरीही प्रत्यक्ष काम पडताच कोसळू शकते. म्हणून दोन्ही पुन्हा जोडून, साहाय्यकाने सेल्फ फिरविला असता प्रत्येकीच्या टोकांवरील दाब पाहावा. जी साडेनऊ व्होल्टांच्या पुष्कळ खाली जाते ती दुर्बल. ही तुलना एकसर जोडणीतच उपयोगी आहे. समांतर जोडणीत प्रत्येक बॅटरी सुटी ठेवून भार-परीक्षकाने तपासावी.

दोषी बॅटरी सापडली तरी कारण शोधणे उरतेच. ट्रकमध्ये रेडिओ किंवा पंखा चालविण्यासाठी २४ व्होल्टच्या जोडीतील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची पद्धत आढळते. त्यामुळे ती बॅटरी सदैव उपाशी व दुसरी अतिभारित राहते. अशी उपकरणे २४ चे १२ व्होल्ट करणाऱ्या परिवर्तकावरच चालवावीत. तसेच एकसर जोडीत नवी व जुनी बॅटरी एकत्र बसवू नये. दोन्ही एकाच क्षमतेच्या व वयाच्या असाव्यात. जबलपूरसारख्या ठिकाणी बॅटरीची खरी झीज मे महिन्यातील उष्णतेने होते. थंडी ती केवळ उघडकीस आणते.

एक सावधगिरी विसरू नये. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि एका ठिणगीनेही त्याचा स्फोट होऊन अम्ल डोळ्यांत उडू शकते. म्हणून जवळ विडी पेटवू नये, हातातील कडे व अंगठी काढावी, चष्मा लावावा आणि पाण्याची बादली जवळ असावी. संकरित मोटारीतील नारिंगी तारांना व त्यांच्या उच्च दाबाच्या बॅटरीला तर सामान्य माणसाने हातही लावू नये.

ज्या मालकाने दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवले, त्यास कोणती बॅटरी बदलावी हे विचारण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागत नाही.