बर्फातली शाळेची बस आणि आपली खोबरेल तेलाची बाटली



डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग आई ती उन्हात ठेवते. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय ना? आजचा पाठ याच बाटलीपासून सुरू करू.

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात फेअरबँक्स नावाचं शहर आहे. तिथे हिवाळ्यात तापमान कधीकधी उणे ४० अंशांपर्यंत उतरतं. तिकडची मुलंही शाळेत जातात आणि त्यांना न्यायला पिवळी बस येते. मग एवढ्या थंडीत ती बस सुरू कशी होते? बर्फावर घसरत कशी नाही?

१) इंजिन आणि डिझेल
डिझेलमध्ये मेणासारखा पदार्थ विरघळलेला असतो. फार थंडी पडली की तो आपल्या खोबरेल तेलासारखा गोठू लागतो, फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी वेगळ्या मिश्रणाचं डिझेल मिळतं. इंजिनला एक छोटा विजेचा हीटरही बसवतात. रात्री बस उभी केली की त्याची वायर प्लगला जोडायची. आपण मोबाईल चार्जिंगला लावतो, अगदी तसंच! फेअरबँक्समध्ये गाड्या उभ्या करण्याच्या जागी यासाठी विजेचे प्लग असतात.

इंजिन थंड ठेवणारं पाणी गोठलं तर ते प्रसरण पावून इंजिनलाच तडा जाईल. म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. दोन्ही निम्मे निम्मे घेतले तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

२) चाकं
घर्षण नसेल तर ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. बर्फावर घर्षण खूप कमी असतं. साधं टायर थंडीत कडक होतं, म्हणून थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे, खोल खाचांचे टायर वापरतात. त्यावर लोखंडी साखळ्याही बांधतात. भाताच्या चिखलात ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतात ना, कल्पना तीच.

पण प्रत्येक वेळी बर्फात उतरून साखळी कोण बांधणार? त्यावर एक छान युक्ती आहे. मागच्या चाकाजवळ बसखाली एक छोटं चाक असतं. त्याला साखळीचे तुकडे लोंबत असतात. ड्रायव्हरकाकांनी बटण दाबलं की हवेच्या दाबाने ते खाली येऊन टायरच्या आतल्या बाजूला टेकतं. टायरबरोबर तेही गरागरा फिरतं आणि साखळ्या फेकल्या जाऊन टायरखाली येतात. जत्रेतला पाळणा फिरू लागला की पाळणे बाहेर झुकतात, तसंच.

३) दिसणं आणि दिसू देणं
१९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी परिषद बोलावली आणि तिथे शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं स्पष्ट दिसतात.

आता एक गंमत बघा. जुने बल्ब तापायचे, त्यामुळे दिव्यावरचा बर्फ वितळायचा. एलईडी दिवे वीज वाचवतात पण फारसे तापत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बर्फ साचून राहतो. मग काही दिव्यांना वेगळी तापणारी काच बसवावी लागते. एक अडचण सोडवली की दुसरी उभी राहते, ती अशी. आरसेही तापणारे असतात.

४) सर्वात महत्त्वाचा भाग
निघण्याआधी ड्रायव्हर बसभोवती फेरी मारतो. काचा, दिवे साफ करतो. संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा गोठून चिकटला नाही ना, हेही उघडून बघतो. आणि रस्ता फारच वाईट असेल तर? शाळा दोन तास उशिरा भरते किंवा सुट्टी जाहीर होते. इतकी साधनं असूनही!

मुलांनो, हे मला फार मोलाचं वाटतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आपल्यातलीही काही मुलं "हजेरी बुडेल" म्हणून पाण्यात पाय घालतात. तसं करू नका. हजेरीचं काय ते मी बघेन, तुम्ही अलीकडेच थांबा. न जाण्याचा निर्णय हीसुद्धा सुरक्षेची एक पद्धत आहे.

करून पाहा : दोन वाट्यांत बर्फाचा चुरा घ्या. एकीत दोन चमचे मीठ मिसळा. दोन्हींचं तापमान थर्मामीटरने मोजून वहीत लिहा.

स्वाध्याय
१. बर्फाळ रस्त्यावर मीठ का टाकतात? वरच्या प्रयोगावरून सांगा.
२. साखळीने घर्षण का वाढतं?
३. आपल्या गावात शाळेच्या वाटेवर पावसाळ्यात कोणती जागा धोक्याची आहे? नकाशा काढून ती दाखवा आणि उपाय सुचवा.

तिसऱ्या प्रश्नाचे नकाशे आपण वर्गात लावू आणि पालकसभेत सर्वांना दाखवू.